ताप कितव्या दिवसाचा आहे?

श्रावण सुरू झाला की या सदराकडे येणारी पत्रं तापाचीच असतात, यंदाही तसंच झालंय. बहुतेकांनी सोबत रिपोर्टचे फोटो पाठवलेत, कुणी सात-सात पानं. पण ताप नक्की कोणत्या दिवशी चढला हे जवळजवळ कुणीच लिहिलेलं नाही. मी गेली तेवीस वर्षं फिजिशियन म्हणून तापाचेच पेशंट बघतेय आणि माझा पहिला प्रश्न आजही तोच असतो, आज ताप कितवा दिवस? कारण प्रत्येक टेस्टचा एक दिवस असतो, त्या आधी केली तर आजार असून निगेटिव्ह येते आणि फार उशिरा केली तरी हुकते. पत्रांतून निवडक प्रश्न घेतलेत, नावं अर्थातच काढून टाकलीत.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना तीन वर्षांत चार वेळा टायफॉईड झाला. दर वेळी विडाल पॉझिटिव्ह, या वेळी १:१६० आली. पाच दिवस सलाईन आणि इंजेक्शन घेतलं की बरं वाटतं. गेल्या महिन्यात ताप नसताना सहज केली तरी पॉझिटिव्हच आली. शेजारचे म्हणतात टायफॉईड अंगात मुरलाय. खरं आहे का? (सांगली जिल्हा)

ताई, तुम्ही ताप नसताना टेस्ट केली ते एका अर्थी बरं झालं, कारण उत्तर त्यातच आहे. माणूस ठणठणीत असताना जी टेस्ट पॉझिटिव्ह येते, तिच्यावर ताप असताना किती भरवसा ठेवायचा?

विडाल ही १८९६ सालची टेस्ट आहे, फ्रान्सच्या डॉ. विडाल यांच्या नावाने ओळखली जाते. ती जंतू शोधत नाही. टायफॉईडच्या जंतूविरुद्ध शरीराने कधीतरी तयार केलेल्या अँटीबॉडी रक्तात किती आहेत एवढंच बघते, आणि आपल्याकडे ज्या भागात दूषित पाण्यातून हे जंतू आणि त्यांचे भाऊबंद सगळ्यांच्याच पोटात कधी ना कधी जाऊन आलेत तिथे निम्म्या गावाच्या रक्तात या अँटीबॉडी थोड्याफार असतातच. जुना आजार, लस, काही वेळा मलेरिया किंवा दुसराच कुठलातरी ताप, कशानेही आकडा वर जातो. आणि गंमत अशी नाही तर दुःखाची गोष्ट अशी की खऱ्या टायफॉईडमध्ये पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते, कारण अँटीबॉडी तयार व्हायलाच आठवडाभर लागतो. म्हणजे नसताना हो म्हणते आणि असताना नाही म्हणते.

मग तुमच्या मिस्टरांना चार वेळा काय झालं होतं? पेशंट न बघता छातीठोक सांगणार नाही, पण पावसाळ्यातले बरेचसे व्हायरल ताप चार-पाच दिवसांत आपोआपच उतरतात. तुमचं सलाईन पण पाच दिवसच चालतं. ताप स्वतःच्या पायाने गेला आणि श्रेय सलाईनला मिळालं, असं चारपैकी किमान दोन-तीनदा तरी झालं असावं असं मला वाटतं.

टायफॉईड पक्का ठरवायचा तर ब्लड कल्चर करावं लागतं, आणि ते अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी. हे कसं असतं ते सांगते म्हणजे लॅबमध्ये गेल्यावर काय मागायचं ते कळेल. नेहमीची छोटी जांभळ्या झाकणाची ट्यूब नसते, एक छोटी बाटली असते, आत सूपसारखं पातळ द्रव, म्हणजे जंतूंचं जेवण. सिस्टर दंड बांधते, कातडी स्पिरिटने पुसून ते पूर्ण वाळू देते (हे वाळू देणं फार महत्त्वाचं, घाईत केलं तर कातडीवरचेच जंतू बाटलीत जातात), बाटलीचं रबरी झाकण पण पुसते आणि मोठ्या माणसाचं आठ ते दहा मिली रक्त घेऊन सुईने आत सोडते. दोन मिली घेऊन चालत नाही, कारण टायफॉईडमध्ये रक्तात जंतूंची संख्या फार कमी असते, कमी रक्त घेतलं तर एकही जंतू बाटलीत न येण्याची शक्यता असते. मग ती बाटली मशीनमध्ये उबेला ठेवतात, वाढ झाली की मशीन सांगतं, बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत. पुढे त्या जंतूवर कोणती औषधं चालतात कोणती नाही याची यादी येते. ही यादी म्हणजे सोनं आहे, कारण पूर्वी टायफॉईडला सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सॅसिन आता आपल्याकडे बहुतेक जंतूंवर नीट चालत नाही, त्यामुळे अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिअॅक्सोन यातून निवडावं लागतं.

कल्चर पण शंभर टक्के नाही, खऱ्या टायफॉईडच्या साधारण निम्म्याच पेशंटमध्ये ते पॉझिटिव्ह येतं, आणि आधी गोळ्या खाल्ल्या असतील तर आणखी कमी. म्हणून निगेटिव्ह आलं तरी डॉक्टर लक्षणं बघून उपचार देऊ शकतात. पण ते आकड्याकडे बघून नाही, पेशंटकडे बघून.

आणखी एक, जे मला पोटतिडकीने सांगायचंय. खऱ्या टायफॉईडमध्ये अचूक अँटिबायोटिक सुरू करून सुद्धा ताप उतरायला चार-पाच दिवस जातात. तिसऱ्या दिवशी घरचे घाबरतात, गुण येत नाही म्हणून डॉक्टर बदलतात, नवीन डॉक्टर नवीन अँटिबायोटिक लावतात, दोन दिवसांनी ताप उतरतो आणि पहिला डॉक्टर विनाकारण बदनाम होतो. पेशंट खातपीत असेल, पोट मऊ असेल, तापाचा आकडा रोज थोडा थोडा खाली येत असेल तर थांबा. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक पोटात जोरात दुखलं किंवा शौचाला काळी झाली तर त्याच क्षणी हॉस्पिटल, कारण आतड्याला भोक पडू शकतं.

मुरलेल्या टायफॉईडबद्दल: काही थोड्या लोकांच्या पित्ताशयात जंतू राहून जातात हे खरं, पण त्यांना स्वतःला ताप येत नाही, ते दुसऱ्यांना आजार देतात. दर पावसाळ्यात ताप येणारा माणूस तसला नसतो. आणि हो, टायफॉईडची नवीन कॉन्ज्युगेट लस चांगली आहे, २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना ती मोहीम काढून दिली होती. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: मुलगी चौदा वर्षांची. डेंग्यू एनएस१ पॉझिटिव्ह. पाचव्या दिवशी ताप गेला म्हणून आम्ही निर्धास्त झालो, तर त्याच संध्याकाळी पांढऱ्या पेशी ३८ हजारांवर आल्या. नातेवाईकांनी प्लेटलेट्स चढवायचा धोशा लावला, रात्री बारा वाजता ब्लड बँका फिरलो. डॉक्टर म्हणाले गरज नाही, तरी आम्ही हट्ट करून चढवल्या. मुलगी आता बरी आहे, पण आमचं चुकलं का? (डोंबिवली)

मुलगी बरी आहे हे वाचून बरं वाटलं. रात्री बारा वाजता आईबापाने हट्ट केला तर त्यात चूक काय काढायची, पण पुढच्या वेळेसाठी, आणि तुमच्या त्या नातेवाईकांसाठी, नीट सांगते.

आधी शब्द सुधारू. प्लेटलेट्स म्हणजे पांढऱ्या पेशी नाहीत. आपल्याकडे दोन्हीला पांढऱ्या पेशीच म्हणतात आणि त्यात फार गोंधळ होतो, डेंग्यूत दोन्ही कमी होतात आणि फोनवर कोण कशाबद्दल बोलतंय ते कळत नाही. रिपोर्ट सांगताना प्लेटलेट असाच शब्द वापरा.

आता मुख्य मुद्दा. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्या म्हणून नाही, रक्तातलं पाणी बाहेर पाझरल्यामुळे. नवीन माठ कसा सगळ्या अंगाने पाझरतो, तसं या आजारात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पातळ भाग पोटात, छातीत झिरपतो. रक्त आत घट्ट होत जातं, बीपी पडतं, हातपाय गार पडतात. आणि हे होतं कधी? ताप असताना नाही, ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, आणि एक-दोन दिवसच टिकतं. म्हणजे ज्या दिवशी घरचे सुटकेचा श्वास सोडतात तोच दिवस पहाऱ्याचा असतो. माझ्या वॉर्डमध्ये ताप उतरलेल्या डेंग्यूच्या पेशंटला मी त्या रात्री जास्त वेळा बघते, कमी नाही.

त्या दोन दिवसांत बघायचं काय? सीबीसीमध्ये प्लेटलेटच्या शेजारी हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो, पीसीव्ही पण म्हणतात. ३६ चा ४४ झाला म्हणजे रक्त घट्ट होतंय, पाझर सुरू आहे. त्याच वेळी प्लेटलेट खाली जात असतील तर धोक्याची घंटा. पण आकड्यांच्या आधी पेशंट सांगतो: पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मुलगी सुस्त पडणं किंवा उलट फार चिडचिड करणं, आणि लघवी. सहा तासांत लघवीला गेली नाही तर मला प्लेटलेटचा आकडा सांगू नका, मुलीला घेऊन या. घरी असताना कागदावर लघवीच्या वेळा लिहायच्या, हे मी प्रत्येक आईला सांगते आणि आया ते फार नीट करतात, बाबा लोक विसरतात.

प्लेटलेट चढवायच्या त्या रक्तस्राव होत असेल तर, किंवा रक्तस्राव नसला तरी साधारण १० हजारांच्या खाली गेल्या तर डॉक्टर विचार करतात. ३८ हजाराला आणि रक्तस्राव नसताना चढवलेल्या प्लेटलेट त्याच आजारात चटकन नष्ट होतात, आकडा दिवसभर छान दिसतो आणि परत पडतो, वर रिअॅक्शनचा आणि जास्तीच्या पाण्याचा त्रास होऊ शकतो. आजार उतरणीला लागला की त्या आपोआपच चढतात, तुमच्या मुलीच्या तशाच चढल्या असत्या.

पपईच्या पानाचा रस, किवी, बकरीचं दूध यावर पण विचारलंय. पाझर थांबवतो असं यातलं काहीही नाही. किवी खाऊ दे, महाग आहे एवढंच. पपईच्या पानाचा रस मात्र मी बंद करायला सांगते, कारण त्या कडू रसाने उलट्या होतात आणि मग उलटी डेंग्यूची की रसाची हे आम्हाला कळत नाही. पेज, नारळपाणी, ताक, लिंबू सरबत, ओआरएस, जे ती पिईल ते थोडं थोडं सतत. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक यातलं काहीही नको, रक्तस्राव वाढतो.

प्रश्न: आमचे डॉक्टर तापात कमरेला एक इंजेक्शन देतात, दोन तासांत ताप गायब. मोठ्या डॉक्टरांकडे गेलं की इंजेक्शनच देत नाहीत. असं का? (बार्शी)

काका, त्या इंजेक्शनात बहुतेक वेळा वेदनाशामक असतं, कधी कधी त्याच्या जोडीला स्टेरॉईड. ताप दबतो, ताप ज्यामुळे आला ते तसंच राहतं. डेंग्यू असेल तर स्नायूत सुई टोचलेल्या जागी रक्त साकळतं, वेदनाशामकाने किडनीवर ताण येतो, आणि स्टेरॉईडने खोटं बरं वाटून दोन दिवस वाया जातात. पावसाळ्यात ताप कशाचा ते कळेपर्यंत कमरेचं इंजेक्शन नको म्हणा, तोंडाने गोळी गिळता येत असेल तर गोळीच पुरते.

प्रश्न: भातलावणीच्या वेळी आरोग्यसेविका डॉक्सीच्या गोळ्या वाटून जाते. आमच्याकडे निम्मे लोक घेत नाहीत, पित्त होतं म्हणतात. घ्याव्यात का? आणि दुसरं, माझ्या मेव्हण्याला वर्ध्याकडे स्क्रब टायफस निघाला, तो टायफॉईडचाच प्रकार का? (कुडाळ तालुका)

घ्याव्यात, त्या लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप टाळण्यासाठी असतात. लेप्टो हा तुमच्या सिंधुदुर्गाचा, रत्नागिरीचा आणि गोव्याचा पावसाळी पाहुणा आहे, उंदराच्या आणि गुरांच्या लघवीतून जंतू चिखलात येतात आणि तासन् तास पाण्यात राहून मऊ पडलेल्या कातडीतून, पायाच्या भेगांतून आत शिरतात. मुंबईकरांना तो २६ जुलै २००५ नंतर कळला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोक कमरेएवढ्या पाण्यातून घरी गेले आणि पुढच्या आठवड्यांत वॉर्ड लेप्टोने भरले. मोठ्या माणसांना चिखलात काम असेपर्यंत आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन देतात. पित्ताचं म्हणाल तर गोळी उपाशीपोटी घेऊन लगेच आडवं झालं की ती अन्ननलिकेत अडकून जळजळते, म्हणून जेवण झाल्यावर, पेलाभर पाणी पिऊन, आणि पुढचा अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी ही प्रतिबंधाची गोळी घ्यायची नाही. आणि गोळी घेतली म्हणून पायाची जखम उघडी ठेवून चिखलात उतरू नका.

थंडी ताप, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाही, डोळे लाल पण चिपडं नाहीत, असं दिसलं की रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करावे लागतात. लेप्टोची आयजीएम टेस्ट (रक्तातल्या अँटीबॉडी बघणारी) साधारण आठवडा उलटल्यावरच भरवशाची होते, आणि तोवर कावीळ होऊन लघवी बंद पडली तर डायलिसिसपर्यंत जातं. पहिल्या तीन दिवसांत साधी स्वस्त गोळी काम करते, पाचव्या दिवशी आयसीयू लागतं, एवढा फरक दिवसांनी पडतो.

आता मेव्हण्याचं. नाव सारखं वाटतं तरी स्क्रब टायफस आणि टायफॉईड यांचा काही संबंध नाही. गवतात, झुडपांत माइट नावाचा अगदी बारीक किडा असतो, त्याची पिल्लं चावली की हा होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात याची मोठी साथ आली होती आणि बऱ्याच डॉक्टरांनी तेव्हाच पहिल्यांदा तो डोळ्यांनी बघितला.

माझ्या एका पेशंटची गोष्ट सांगते. पन्नाशीच्या बाई, शेतात निंदणीला जाणाऱ्या, ताप नववा दिवस, मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, विडाल अर्थातच पॉझिटिव्ह, दोन अँटिबायोटिक होऊन गेलेली, दम लागायला लागलेला. मी हात, पाय, पाठ सगळं बघितलं, काही नाही. संध्याकाळी सिस्टरने अंग पुसताना परकराची नाडी सैल केली आणि मला हाक मारली. नाडी जिथे करकचून बसते तिथे, कमरेच्या वळीत, डाळीएवढी काळी खपली, भोवती लालसर कडं, जणू कुणी विडीचा चटका दिलाय. दुखत नव्हती, खाजत नव्हती, त्यामुळे बाईंना स्वतःलाच माहीत नव्हती. डॉक्सी सुरू केली आणि दोन दिवसांत ताप उतरला. ती खपली म्हणजे या आजाराची सही असते, पण ती काखेत, जांघेत, स्तनाखाली, नाडीखाली लपते आणि सगळ्यांमध्ये असतेच असंही नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, पाच दिवसांच्या वरचा ताप असेल तर पडदा ओढून पूर्ण अंग बघायचं, बाई असेल तर सिस्टरला सोबत घेऊन. आजार गंभीर असेल तर शिरेतून डॉक्सी आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र दिलेलं एकेकट्यापेक्षा सरस ठरतं, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्याच देशातल्या मोठ्या अभ्यासात दिसलं.

तुमच्या बाजूला म्हणून एक जोडते, काजूच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्यात नाही तर हिवाळा-उन्हाळ्यात, जंगलालगत ताप आला आणि आसपास माकडं मेलेली दिसली तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोचिडीमुळे होणारा माकडताप २०१६ पासून सावंतवाडी-दोडामार्गकडे माहीत झालाय.

प्रश्न: मानेला गाठ आली म्हणून छोटं ऑपरेशन करून काढली. रिपोर्ट टीबीशी जुळणारा आला. आता दुसरे डॉक्टर म्हणतात की कल्चर झालं नाही, औषध कोणतं लागू पडेल सांगता येत नाही, परत सुई घालावी लागेल. मी २६ वर्षांचा आहे, आयटीत आहे. चूक कुणाची? आणि औषध सुरू केल्यावर गाठ वाढली तर? (पुणे)

चूक कुणाची यात मी पडणार नाही, पण ही गोष्ट मी महिन्यातून एकदा तरी बघते आणि दर वेळी हळहळते, म्हणून सविस्तर लिहिते. काढलेली गाठ साधारणपणे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजीला जाते. फॉर्मॅलिनमध्ये पेशींचा आकार छान टिकतो पण जंतू मरतो. मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढणार कसा? जीन टेस्टला पण असा नमुना नीट चालत नाही. म्हणून गाठीचे दोन भाग करायचे, एक फॉर्मॅलिनमध्ये आणि एक साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये, सलाईनमधला त्याच दिवशी टीबीच्या लॅबला. खर्च म्हणाल तर एका जास्तीच्या बाटलीचा. कुणाचीही गाठ काढायची ठरली असेल तर ऑपरेशनच्या आधी सर्जनना एवढंच विचारा, सर, एक तुकडा सलाईनमध्ये ठेवणार ना? कुणी रागावत नाही.

तुमच्या बाबतीत परत सुई घालून नमुना घ्यायचा सल्ला मला योग्य वाटतो. सीबीनॅट टेस्ट दोनेक तासांत टीबीचा जंतू आहे का आणि त्यावर रिफॅम्पिसिन, म्हणजे टीबीचं मुख्य औषध, चालेल का हे सांगते. ट्रूनॅट पण तशीच, बॅटरीवर चालणारं छोटं मशीन, आपल्या गोव्याच्या कंपनीने बनवलेलं, २०२० मध्ये डब्ल्यूएचओने त्याला मान्यता दिली. सरकारी केंद्रात दोन्ही फुकट होतात. रक्त तपासून टीबी आहे सांगणाऱ्या अँटीबॉडी टेस्ट मात्र करू नका, त्यांच्यावर आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे, इतक्या त्या चुकीच्या निघाल्या.

औषधं साध्या टीबीला सहा महिने, वजनाप्रमाणे एकत्रित गोळ्या, रोज. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, ते रिफॅम्पिसिनमुळे. भूक एकदम मेली, मळमळ वाढली, डोळे पिवळे दिसले तर मात्र गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, लिव्हरची तपासणी लागते. आणि तुमचा दुसरा प्रश्न, औषध चालू असताना गाठ वाढणं किंवा शेजारी नवी गाठ येणं हे गाठीच्या टीबीत बऱ्याच जणांना होतं, मेलेल्या जंतूंवर शरीर चवताळून उठतं त्यामुळे. याचा अर्थ औषध लागू पडत नाही असाच होत नाही, पण ते ठरवायला सुरुवातीचा जीन रिपोर्ट आणि कल्चर हातात असेल तर डॉक्टर ठामपणे सांगू शकतात की जंतू औषधाला दाद देत नाही असं नाही, थांबा. तो कागद नसेल तर सगळेच अंधारात चाचपडतात. म्हणून ती सुई आता घालून घ्या.

निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबीच्या पेशंटच्या सरकारी नोंदणीत, नोंद झाली की नाही बघा, खासगी डॉक्टरकडे असलात तरी होते. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये थेट खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. आयटीत असलात तरी घ्या, तुमचा हक्क आहे, आणि नोंद झाल्याने घरच्यांची तपासणी पण होते. याच निमित्ताने सगळ्यांना सांगते, दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला मेडिकलमधून लिव्होफ्लॉक्सॅसिन आणून खाऊ नका. ते टीबीवर अर्धवट काम करतं, खोकला थोडे दिवस कमी होतो, थुंकीची तपासणी फसते आणि जंतू मात्र शहाणा होऊन बसतो.

प्रश्न: बांधकामावर सुपरवायझर आहे. जूनमध्ये मलेरिया झाला, तीन दिवसांचा कोर्स पूर्ण केला. ऑगस्टमध्ये परत थंडी वाजून ताप, परत मलेरिया. साईटवर डास आहेत हे खरं, पण इतक्या लवकर परत? (ठाणे)

दादा, रिपोर्टमध्ये व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) लिहिलंय का बघा. असेल तर हा नवीन डास नसावा, जूनचाच परजीवी असावा. व्हायवॅक्सचे काही परजीवी लिव्हरमध्ये जाऊन झोपतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने रक्तातले मरतात, झोपलेले नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावी लागते. बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटलं की ती सोडतात, आणि काहींना ती लिहूनच दिलेली नसते. या वेळी पूर्ण १४ दिवस घ्या, काहीतरी खाऊन. सुरू करायच्या आधी जी६पीडी नावाची रक्ततपासणी करून घ्या, ते एन्झाइम कमी असेल तर या गोळीने रक्तपेशी फुटतात, लघवी कोकमाच्या रंगाची होते. तशी झाली तर गोळी बंद आणि लगेच दवाखाना. फॅल्सिपेरम या दुसऱ्या प्रकाराचं औषध वेगळं असतं, गडचिरोलीकडे तो जास्त, आणि तो मेंदूत जातो, म्हणून नुसतं मलेरिया पॉझिटिव्ह एवढ्यावर थांबू नका, कोणता ते विचारा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. दिवाळीला नाशिकला येऊन गेलो, परत आल्यावर बाराव्या दिवशी मुलाला ताप आला. इथल्या अर्जंट केअरमध्ये फ्लू म्हणून घरी पाठवलं. काय सांगायला हवं होतं?

पहिलं वाक्य हेच की आम्ही बारा दिवसांपूर्वी भारतातून आलोय. तिथल्या डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय मलेरिया-टायफॉईड डोक्यात येणार नाही, त्यांची चूक नाही. मलेरियाचा स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून परजीवी बघतात ती टेस्ट) आणि ब्लड कल्चर करा म्हणा, आणि पहिला स्मिअर निगेटिव्ह आला तर बारा ते चोवीस तासांच्या अंतराने असे एकूण तीन. डेंग्यूचा ताप चावल्यापासून दोन आठवड्यांत येतो, त्यानंतर आला तर डेंग्यू जवळपास बाद, मलेरिया मात्र महिन्यांनी पण येतो. म्हणून विमानाची तारीख लक्षात ठेवा. आणि माहेरी तर चाललोय, लस कशाला, असं म्हणू नका, मुलं तिथे वाढलीत, त्यांच्या पोटाला इथलं पाणी माहीत नाही. पुढच्या वेळी यायच्या आधी टायफॉईडची लस द्या.

प्रश्न: तुम्ही नेहमी लिहिता की ताप लिहून ठेवा. नक्की काय लिहायचं? (जालना)

वहीचं एक पान पुरतं. वर पहिल्या तापाची तारीख आणि वेळ, मंगळवारी संध्याकाळी अंग मोडून आलं आणि रात्री हुडहुडी भरली, असं लिहिलंत तरी चालेल, फक्त आठवडा झाला असेल असं नको. खाली रोज चार वेळा थर्मामीटरचा आकडा, हाताने बघितलेलं नाही. त्यासमोर कोणती गोळी किती वाजता दिली. लघवी किती वेळा. गेल्या महिनाभरात कुठे गेला होता, शेतात, गोठ्यात, तुंबलेल्या पाण्यात, गावाला, घरात अजून कुणाला ताप आहे का. जुने रिपोर्ट तारखेने लावून आणा, नवीन वर. आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकू नका, पांढरी गोळी होती सकाळची असं सांगितलं की मला काही कळत नाही, सगळी पाकिटं एका पिशवीत घालून तशीच घेऊन या.